किडनी कमजोर झाल्यावर इन्सुलिन कसं घ्यायचं?

मधुमेह असलेल्या माणसाची किडनी कमजोर होत गेली की एक फसवी गोष्ट घडते. आहार तोच, औषधं तीच, आणि साखर मात्र उतरायला लागते. वर्षानुवर्षं १८० च्या आसपास घुटमळणारी उपाशीपोटीची साखर एके दिवशी ९५ दिसते. घरातले खूश होतात, ‘आता कशी आटोक्यात आली!’ म्हणतात. खरं तर ती क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) पुन्हा करून घ्यायची वेळ असते. काही कारण नसताना इन्सुलिनची गरज घटली, तर किडनी आणखी खालावल्याची ती खूण असू शकते. तिकडे लक्ष न देता जुनाच डोस चालू ठेवला, तर पुढचा टप्पा म्हणजे पहाटे घामाने भिजलेला आणि काहीबाही बरळणारा माणूस.

हा लेख रुग्णासाठी आहे, तसाच घरात सुई टोचणाऱ्या माणसासाठीही आहे. डोसचा आकडा डॉक्टर ठरवतात. पण आज जेवण अर्धंच झालं, उलटी झाली, मशीनवर ७८ आलं, हे प्रसंग घरी घडतात आणि तेव्हा डॉक्टर समोर नसतात.

साखर का उतरते

स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी यकृतात जातं आणि त्यातलं जवळपास निम्मं तिथेच संपतं. टोचलेलं इन्सुलिन त्वचेखालून थेट रक्तात उतरतं, त्यामुळे त्याची विल्हेवाट लावण्याचं मोठं काम किडनीवर येतं. किडनी मंदावली की हेच इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. सहा तासांत ओसरायला हवा तो परिणाम आठ-दहा तासही टिकू शकतो.

दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. उपाशीपोटी शरीराला लागणारी साखर यकृताबरोबर किडनीही तयार करते. किडनी आजारी पडली की पोट रिकामं असतानाचा हा आधारही कमी होतो. वर भूक मंदावते, मळमळतं, वजन घटतं. आणि याच आजारात शरीर इन्सुलिनला दादही कमी देऊ लागतं. म्हणजे एकीकडून साखर वर ढकलली जाते, दुसरीकडून खाली ओढली जाते. किडनीच्या रुग्णाची साखर सकाळी ६५ आणि दुपारी २६० अशी उड्या मारते, ती यामुळे. त्यात पथ्य मोडल्याचा दोष दरवेळी असतोच असं नाही.

एक गैरसमज इथेच बाजूला ठेवू. ‘इन्सुलिन सुरू केलं आणि किडनी गेली’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. इन्सुलिन किडनी खराब करत नाही. किडनी कमजोर झाली की मधुमेहाच्या बऱ्याच गोळ्या बंद कराव्या लागतात आणि इन्सुलिनवर यावं लागतं. दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडतात, म्हणून इन्सुलिनवर आळ येतो.

पहिली पायरी: कागद जमवा

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी हाताशी हव्यात: ताजा ई-जीएफआर (किडनी दर मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाज), हिमोग्लोबिन, वजन आणि निदान दोन आठवड्यांच्या साखरेच्या नोंदी. रिपोर्टवर नुसतं क्रिएटिनिन असेल तर ई-जीएफआर काढून मागा. क्रिएटिनिन १.८ हा आकडा तरण्या, धिप्पाड माणसात एक सांगतो आणि सत्तरीतल्या किरकोळ बांध्याच्या बाईत दुसरंच. ई-जीएफआर ६० च्या खाली आला की जपायला लागायचं, ३० च्या खाली गेला की इन्सुलिनचा प्रत्येक बदल सावकाश करायचा आणि १५ च्या खाली गेला की डायलिसिसची भाषा सुरू होते.

गोळ्यांची यादीही सोबत न्या. ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी इन्सुलिनबरोबर चालू राहिली असेल तर कमजोर किडनीत ती धोकादायक आहे. तिने उतरलेली साखर दिवसभर पुन्हा पुन्हा उतरत राहते. मेटफॉर्मिन ई-जीएफआर ४५ च्या खाली साधारण निम्म्यावर आणतात आणि ३० च्या खाली बंद करतात. ती बंद झाली की साखर थोडी चढेल, हे गृहीत धरूनच पुढचा हिशेब मांडायचा.

दुसरी पायरी: कोणत्या आकड्यावर विसंबायचं

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी किडनीच्या रुग्णात दगा देते. ती लाल पेशींवर चिकटलेली साखर मोजते. किडनीच्या आजारात या पेशी लवकर मरतात. रक्तवाढीसाठी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं चालू असली किंवा नुकतंच रक्त चढवलं असलं, तर रक्तात नव्या, अजून साखर न चिकटलेल्या पेशींचा भरणा असतो. मग एचबीए१सी ६.४ दिसतं आणि खरी साखर त्याहून बरीच वर असते. ई-जीएफआर ३० च्या खाली आणि डायलिसिसवर हा आकडा एकटा धरून डोस बदलू नये. किडनीतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना केडिगो हिच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत डायलिसिसवर नसलेल्या रुग्णांसाठी लक्ष्य ६.५ पासून ८ टक्क्यांपर्यंत, माणूस बघून ठरवायला सांगितलं आहे. वय जास्त, हृदयविकार, एकटं राहणं, आधी साखर उतरून बेशुद्ध पडल्याचा इतिहास, यांतलं काही असेल तर ८ च्या बाजूला राहणं मला शहाणपणाचं वाटतं. साडेसहाच्या हट्टापायी पहाटे शुद्ध हरपली, तर त्या रिपोर्टचं करायचं काय?

म्हणून भरवसा मशीनवरच्या रोजच्या नोंदींवर. उपाशीपोटी, जेवणांआधी, झोपताना आणि आठवड्यातून एखाद-दोनदा रात्री दोन-तीनच्या सुमारास तपासा. रात्रीच्या त्या एका आकड्यासाठी उठण्याचा कंटाळा येतो, पण सगळ्यात कामाचा तोच. दंडावर लावायचा सेन्सर परवडत असेल तर किडनीच्या रुग्णाला त्याचा उपयोग इतरांपेक्षा जास्त होतो, कारण झोपेत उतरलेली साखर तो टिपतो आणि अलार्म वाजवतो. मात्र हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर काही मशीन साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात. मशीनवर ९० आहे आणि अंगाला कापरं भरलंय, तर कापऱ्यावर विश्वास ठेवा.

तिसरी पायरी: डोस किती आणि कसा बदलायचा

डॉक्टर वापरतात तो जुना ढोबळ नियम असा: ई-जीएफआर ५० ते १० च्या दरम्यान असेल तर एकूण इन्सुलिन सुमारे २५ टक्क्यांनी कमी आणि १० च्या खाली गेला तर निम्म्यावर. दिवसाला ४० युनिट घेणाऱ्याचे साधारण ३० होतील, पुढे २०. हा सुरुवातीचा अंदाज झाला. रोज २५० च्या वर साखर असणाऱ्याचा डोस केवळ रिपोर्ट बघून कापायचा नसतो. नव्याने इन्सुलिन सुरू होणार असेल तर सुरुवात हलकी हवी. रुग्णालयात दाखल असलेल्या, किडनी कमजोर झालेल्या टाइप २ रुग्णांत किलोमागे ०.५ युनिटऐवजी ०.२५ युनिटने सुरुवात केली, तेव्हा साखरेचं नियंत्रण जवळपास तेवढंच राहिलं आणि साखर उतरण्याचे प्रसंग निम्म्यावर आले. ६० किलो वजनाच्या माणसाला हे दिवसाचे १५ युनिट होतात.

डोस चुकतोय हे ओळखायची रीत सोपी आहे. सकाळची साखर उतरतेय तर दोष रात्रीच्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचा, दुपारच्या जेवणाआधी उतरतेय तर सकाळच्या डोसचा. झोपताना १८० आणि उठल्यावर १००, असा ५० पेक्षा मोठा उतार रोज दिसत असेल तर सकाळचा १०० हा आकडा छान असला तरी रात्रीचा डोस जास्त होतोय. एकदा खायला उशीर झाला त्या रात्री तो तुम्हाला गाठेल.

साखर ७० च्या खाली गेली आणि उपास, जास्तीचं चालणं असं उघड कारण सापडलं नाही, तर त्याला जबाबदार असलेला डोस सहसा १० ते २० टक्क्यांनी उतरवतात. हे प्रमाण आणि ‘फोन न करता मी स्वतः किती कमी करू’ हे आधीच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. वाढवताना मात्र घाई नको: एका वेळी २ युनिट किंवा १० टक्के, आणि दोन बदलांत निदान तीन दिवस. डेग्लुडेकसारखं फार लांब पल्ल्याचं इन्सुलिन असेल तर आठवडाभर थांबा, कारण सोमवारी वाढवलेल्या डोसचा पूर्ण परिणाम गुरुवार-शुक्रवारशिवाय कळत नाही.

घरी होणारी सगळ्यात घातक चूक म्हणजे डोसावर डोस. जेवणानंतर ३२० दिसलं, जास्तीचे ६ युनिट घेतले, दोन तासांनी अजून २८० म्हणून आणखी ६. पहिले सहा अजून रक्तात काम करताहेत आणि किडनी त्यांना बाहेर काढत नाहीये. मध्यरात्री दोन्ही मिळून साखर खाली खेचतात. जास्तीचा डोस एकदा घेतला की निदान चार ते सहा तास दुसरा घ्यायचा नाही आणि झोपायच्या वेळी तर शक्यतो घ्यायचाच नाही.

कोणतं इन्सुलिन

इथे डॉक्टरांचा अनुभव आणि खिसा दोन्ही चालतात, म्हणून थोडक्यात. रेग्युलर (जेवणाआधी घ्यायचं जुनं, साधं) इन्सुलिन कमजोर किडनीत लांबत जातं. लिस्प्रो, अ‍ॅस्पार्टसारखी झटपट चालणारी इन्सुलिनं त्या मानाने हिशेबात राहतात. रात्री घेतलेलं एनपीएच (मध्यम पल्ल्याचं, दुधाळ इन्सुलिन) चार ते दहा तासांत जोर धरतं, म्हणजे नेमकं झोपेत. ग्लार्जिन किंवा डेग्लुडेक ही लांब पल्ल्याची इन्सुलिनं त्यापेक्षा सपाट चालतात. ३०-७० सारखं मिश्रण (दोन प्रकारची इन्सुलिनं एकत्र असलेलं) ज्याचं जेवण घड्याळावर चालतं त्याला ठीक. भुकेचा भरवसा नसलेल्याला ते अडचणीचं, कारण त्यातला एकच भाग कमी करता येत नाही. रेग्युलर किंवा मिश्रणावर वर्षानुवर्षं व्यवस्थित चाललेला माणूस केवळ फॅशन म्हणून बदलायची गरज नाही.

चौथी पायरी: बाटली, सिरिंज आणि टोचायची जागा

ही पायरी घाईत उरकू नका. इन्सुलिन दोन ताकदीचं मिळतं: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेलं यू-४० आणि १०० युनिट असलेलं यू-१००. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. यू-४० च्या सिरिंजचं टोपण लाल, यू-१०० चं नारिंगी. समजा घरात नेहमीची लाल टोपणाची सिरिंज आहे आणि नवी बाटली यू-१०० ची आली. तुम्ही रोजच्यासारखे २० च्या रेघेपर्यंत ओढता. त्या रेघेपर्यंत अर्धा मिलिलिटर भरतं आणि त्यात या वेळी ५० युनिट असतात. अडीचपट डोस! निरोगी किडनीचा माणूस यातून वाचेलही; ई-जीएफआर १२ असलेल्याला रुग्णालय गाठावं लागेल. बाटली नवी आली की तिच्यावरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचून जुळवा. पेनमधलं कार्ट्रिज सिरिंजने उपसायचं नाही. काही पेनांत मिलिलिटरला २०० किंवा ३०० युनिटही असतात.

नजर अधू असेल तर (डोळ्याच्या पडद्याचा त्रास या रुग्णांत नेहमीचाच) सिरिंजच्या रेघा मोजण्यापेक्षा टकटक आवाज करणारं पेन बरं. नवीन सुई बसवल्यावर २ युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का बघा. मगच डोस लावा, बटण पूर्ण दाबा आणि दहापर्यंत मोजून सुई काढा. दुधाळ दिसणारं इन्सुलिन असेल तर आधी तळहातांत दहा वेळा फिरवा, दहा वेळा सावकाश उलटसुलट करा. खळाखळा हलवायचं नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवा, गोठू देऊ नका. वापरातलं सहसा चार आठवडे, ३० अंशांच्या आत, बाहेर चालतं.

पोट हाताने चाचपा. एकाच जागी टोचून टोचून त्वचेखाली रबरासारखी गाठ होते. तिथे दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो आणि इन्सुलिन धड शोषलं जात नाही. मग डोस वाढत जातो. पुढे कुणीतरी जागा बदलायला सांगतं, तोच वाढीव डोस चांगल्या त्वचेत जातो आणि साखर धाडकन कोसळते. गाठ सोडून नवी जागा धरताना डोस कमी करायचा का, हे आधी विचारून घ्या. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी हातात जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हातावर सुई टोचू नका. पोटाचं डायलिसिस (नळीवाटे पोटात पिशवीतला द्रव सोडून केलेलं) असेल तर नळीच्या तोंडापासून चांगलं अंतर ठेवा.

जेवणाचा भरवसा नसेल तेव्हा

‘आधी सुई, मग जेवण’ हा नियम भूक असलेल्या माणसासाठी आहे. मळमळत असेल, दोन घासांत पोट भरत असेल किंवा मधुमेहामुळे पोट उशिरा रिकामं होत असेल, तर झटपट चालणारं इन्सुलिन जेवण झाल्याबरोबर, खाल्लं तेवढ्याच्या हिशेबाने घेता येतं. अर्धं जेवण, अर्धा डोस. ही मुभा रेग्युलर आणि मिश्रणाला तशीच लागू होत नाही, त्यामुळे आपल्या इन्सुलिनचं नाव सांगून परवानगी घ्या. जेवलंच नाही तर जेवणाचा डोस नाही, पण लांब पल्ल्याचा डोस आपल्या मनाने बंद करायचा नाही. टाइप १ असलेल्याने तर कधीच नाही.

साखर उतरली तर

७० च्या खाली म्हणजे उतरली, ५४ च्या खाली म्हणजे धोका. घाम, थरथर, धडधड, चिडचिड ही नेहमीची लक्षणं. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गट चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र सहसा येतोच. म्हणून गार अंगाला अचानक फुटलेला घाम म्हणजे मशीन काढा.

१. लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज द्या: गोळ्या किंवा पावडर, पाकिटावर ग्रॅम बघून. ते नसेल तर साखरेचे तीन-चार चहाचे चमचे पाण्यात. अकार्बोज किंवा वोग्लिबोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवं.

२. संत्र्याचा रस देऊ नका, त्यात पोटॅशियम फार. काळ्या कोलात फॉस्फेट. घरात दुसरं काहीच नसेल तर मात्र जे गोड असेल ते द्या. जीव आधी, पोटॅशियम नंतर. पाण्याचं मोजमापही त्या घटकेला बघत बसू नका.

३. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा १५ ग्रॅम.

४. सावरल्यावर पुढचं जेवण तासाभरात नसेल तर थोडं खा. आणि पुढचे काही तास दर तासा-दीड तासाने तपासत राहा, कारण इन्सुलिन अजून गेलेलं नाही.

शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, घास श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवा, रुग्णवाहिका बोलवा, घरात ग्लुकागॉन (साखर झटकन वर आणणारं औषध) असेल तर द्या. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यायचंच. लांब पल्ल्याचं इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी पोटात असलेला किडनीचा रुग्ण सलाईनवर ठणठणीत वाटतो आणि सहा तासांनी पुन्हा खाली जातो. ‘आता बरा आहे, घरी नेतो’ म्हणू नका.

साखर फार चढली तर

लघवी जवळपास बंद झालेल्या रुग्णात चढलेल्या साखरेची ओळखीची लक्षणं दिसतच नाहीत. वारंवार लघवीला जाण्याचा प्रश्नच नसतो. त्याऐवजी तहान लागते, माणूस पाणी पितो, ते अंगात साठतं, वजन वाढतं आणि धाप लागते. इन्सुलिन अपुरं पडलं की पोटॅशियम पेशींतून रक्तात येऊन वाढतं, तो धोका वेगळाच. भीतीपोटी इन्सुलिन पार सोडून देणं म्हणूनच तितकंच वाईट. दोन डायलिसिसच्या मधे वजन नेहमीपेक्षा जास्त वाढत असेल तर पाण्याबरोबर साखरेची वहीही काढा.

डायलिसिसच्या दिवशी

रक्ताच्या डायलिसिसच्या द्रवात बहुधा डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुकोज असतं. रक्तातली साखर त्याच्या दिशेने ओढली जाते, इन्सुलिन मात्र अंगात काम करतच असतं. त्यामुळे यंत्रावर असताना आणि त्यानंतरच्या काही तासांत साखर उतरते. काहींची रात्री उलट उसळतेही. सुरू होण्याआधी, मधे आणि घरी गेल्यावर तपासा. डायलिसिसच्या दिवसाचा डोस वेगळा (बऱ्याचदा सुमारे २५ टक्के कमी) ठेवायचा का, ते नोंदी दाखवून ठरवा.

पोटाच्या डायलिसिसचं गणित उलटं. पिशवीतल्या द्रवातूनच दिवसाला १०० ते २०० ग्रॅम ग्लुकोज शरीरात जाऊ शकतं, म्हणून इन्सुलिन जास्त लागतं. पिशवी जास्त तीव्रतेची लावली तर आणखी जास्त, आणि पिशव्या बंद झाल्या की डोस त्याच दिवशी उतरायला हवा. शिवाय आयकोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजऐवजी वापरायचा एक पदार्थ) असलेली पिशवी चालू असेल तर त्यापासून तयार होणारं माल्टोज (वेगळ्या प्रकारची साखर) काही मशीनना ग्लुकोजच वाटतं. खरी साखर ५० आणि मशीनवर १८०, असं घडू शकतं, आणि त्यावर इन्सुलिन दिल्याने माणसं दगावली आहेत. पिशवी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. आपलं मशीन आणि पट्ट्या या पिशवीबरोबर चालतात का, ते डायलिसिस युनिटकडून लेखी घ्या. आणि अपघाताने दुसऱ्या रुग्णालयात जावं लागलं तर तिथे दाखवायला एक चिठ्ठी पाकिटात ठेवा.

ताप, उलट्या, जुलाब

आजारपणात किडनी दोन दिवसांत आणखी खालावू शकते. दर तीन-चार तासांनी साखर तपासा. लांब पल्ल्याचं इन्सुलिन चालू ठेवा, डोस विचारून. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन गटातली (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी) गोळी तात्पुरती थांबवायची असते. लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तसंच, म्हणून त्याच दिवशी फोन करा. पोटात काही टिकत नसेल, श्वास जोराने चालत असेल किंवा गुंगी येत असेल तर फोनवर वेळ न घालवता रुग्णालय गाठा. डापाग्लिफ्लोझिन गटाची गोळी घेणाऱ्यात साखर २०० असतानाही कीटोन (चरबी जळून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढून रक्त आम्लीय होऊ शकतं. ‘साखर एवढी काही नाही’ या समजुतीवर थांबू नका.

स्टेरॉइड आणि किडनी बदलल्यावर

सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपारी आणि संध्याकाळी साखर चढवतं, पहाटे ती पुन्हा उतरते. अशा वेळी रात्रीचा डोस वाढवला तर पहाटे घात होतो. वाढ सकाळच्या किंवा दुपारच्या डोसात लागते.

किडनी बदलल्यावर डायलिसिसच्या काळातला तुटपुंजा डोस एकदम अपुरा पडतो. नवी किडनी इन्सुलिन झपाट्याने संपवू लागते आणि स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेलं औषध) साखर वाढवतात. २० युनिटवर असलेल्या माणसाला ५० लागले म्हणून घाबरायचं कारण नाही. पुढे स्टेरॉइड पायरीपायरीने उतरतं, पण ते किडनीचे डॉक्टर उतरवतात आणि इन्सुलिन दुसरेच कुणी बघत असतात. म्हणून स्टेरॉइड कमी केल्याची चिठ्ठी हातात आली की तीच चिठ्ठी मधुमेहाच्या डॉक्टरांना पाठवा आणि इन्सुलिनचा नवा आकडा त्याच दिवशी मागून घ्या.